घाटात गाडी लागते? उपाय गाडी सुटण्याआधीच करायचे

गाडी लागणाऱ्या माणसाच्या पर्समध्ये गोळी बहुतेक वेळा असतेच. ती घेतली जाते मात्र ताम्हिणीची वळणं सुरू झाल्यावर, तोंडाला पाणी सुटल्यावर. तोपर्यंत उशीर झालेला असतो. मळमळ सुरू झाली की जठराची हालचाल मंदावते आणि आतलं अन्न पुढे सरकेनासं होतं. औषध शोषलं जातं ते मुख्यतः लहान आतड्यात, पण गोळी अडकून बसते जठरात, आणि पुढच्या दोन-चार वळणांत बाहेर येते. मग 'मला गोळीचा काही उपयोगच होत नाही' असा निष्कर्ष निघतो. गोळीत काही खोट नसते, वेळ चुकलेली असते.

म्हणून इथे सगळं आदल्या रात्रीपासून मांडलं आहे. उदाहरणाला पुण्याहून ताम्हिणीमार्गे दापोलीला सकाळी सातला कारने निघायचा बेत घेतला आहे. कुंभार्ली, आंबा, करूळ, आंबोली किंवा महाबळेश्वरहून पोलादपूरला उतरणारा आंबेनळी, यांतला कुठलाही घाट असला तरी हिशोब तोच.

नेमकं बिघडतं काय

कानाच्या आतल्या भागात तोल सांभाळणारं एक छोटं यंत्र असतं. त्यातल्या तीन अर्धवर्तुळाकार नलिका डोकं कुठे वळलं ते सांगतात आणि दोन पिशव्या वेग वाढला की घटला ते सांगतात. घाटात हे यंत्र मेंदूला सतत कळवत असतं की आपण डावीकडे फिरतोय, आता उजवीकडे, आता ब्रेक लागला. त्याच वेळी डोळे मोबाइलवर किंवा पुढच्या सीटच्या पाठीवर असतील तर ते सांगतात की सगळं स्थिर आहे. हा विरोधाभास थोडा वेळ चालतो, पुढे मेंदू त्याचं उत्तर पोटावर काढतो. अंध व्यक्तींनाही गाडी लागते, त्यामुळे सगळा दोष डोळ्यांवर टाकता येत नाही. उलट, दोन्ही कानांतलं तोलाचं यंत्रच निकामी झालेल्यांना मात्र गाडी लागत नाही.

सगळ्यात त्रासदायक असतात ते संथ हेलकावे, साधारण पाच सेकंदांना एक या गतीचे. खड्ड्यांच्या रस्त्यावर रिक्षात कंबर मोडते, पण उलटी क्वचित होते. मऊ सस्पेन्शनची झुलणारी बस गुळगुळीत घाटरस्त्यावर निम्म्या प्रवाशांना हैराण करते ती यामुळेच. महागडी गाडी केली म्हणजे त्रास कमी होईल, हा हिशोब इथे चुकतो.

ड्रायव्हरला सहसा गाडी लागत नाही. वळण येणार हे त्याला आधी माहीत असतं, शरीर तयारीत असतं. पुढचे बरेच उपाय म्हणजे प्रवाशाला ड्रायव्हरसारखी आगाऊ खबर मिळवून देण्याच्याच युक्त्या आहेत.

दोन वर्षांखालच्या बाळांना हा त्रास क्वचित होतो. त्यानंतर तो वाढत जातो आणि नऊ-दहा वर्षांच्या आसपास सगळ्यात जास्त असतो. मोठेपणी बहुतेकांचा कमी होतो. बायकांमध्ये प्रमाण जास्त, पाळीच्या दिवसांत आणि गरोदरपणात आणखी जास्त. अर्धशिशी असणाऱ्यांनी तर आपल्याला गाडी लागणार हे धरूनच तयारी करावी.

गोळ्या: कोणती, किती, कधी

घरोघरी माहीत असलेली अ‍ॅव्होमिन म्हणजे २५ मिलिग्रॅम प्रोमेथाझिन थिओक्लेट. मोठ्या माणसाला एक गोळी. छोट्या प्रवासासाठी निघण्याच्या एक ते दोन तास आधी, लांबच्या प्रवासासाठी आदल्या रात्री झोपताना. सातला निघायचं तर सकाळी साडेपाच ही तिची वेळ. रात्री घेतली तर झोप चांगली लागते आणि सकाळी परिणाम टिकून असतो. पण त्याबरोबर सुस्तीही टिकून असते. गाडी चालवणाऱ्याने ही गोळी घ्यायची नाही, रात्री नाही आणि सकाळीही नाही.

डायमेनहायड्रिनेट ५० मिलिग्रॅमची गोळी निघण्याआधी अर्धा ते एक तास घेतात. तिचा परिणाम चार ते सहा तास राहतो. सिनारिझिन २५ मिलिग्रॅमला जास्त अवधी लागतो, साधारण दोन तास, पण अनेकांना तिने तुलनेने कमी झोप येते. पार्किन्सन असलेल्यांनी सिनारिझिन टाळावी. मेक्लिझिन २५ ते ५० मिलिग्रॅम एक तास आधी घेतली तर दिवसभर चालते.

या सगळ्यांनी तोंड कोरडं पडतं आणि कमी-अधिक गुंगी येते. दारूबरोबर किंवा झोपेच्या गोळीबरोबर घेतल्या तर गुंगी धोकादायक होते. काचबिंदू, वाढलेलं प्रोस्टेट, दमा, फिट्स यांपैकी काही असेल किंवा दिवस गेलेले असतील तर आधी डॉक्टरांना विचारायचं. आणि पहिल्यांदाच घ्यायची असेल तर एखाद्या सुट्टीच्या दिवशी घरी घेऊन पाहावी. काही जणांना अर्ध्या गोळीतच दिवसभर ग्लानी राहते, तर काही मुलं उलट चिडचिडी आणि अस्वस्थ होतात. हे घाटात समजण्यापेक्षा घरी समजलेलं बरं.

आता ज्या गोळ्या लोक चुकून घेतात त्यांच्याविषयी. उलटीची गोळी म्हणून सर्रास दिली जाणारी ऑनडॅनसेट्रॉन केमोथेरपीनंतरच्या किंवा पोट बिघडल्यावरच्या उलट्यांवर चांगली आहे, पण गाडी लागण्याची सुरुवात ज्या मार्गाने होते त्यावर तिचा फारसा परिणाम नाही. डोमपेरिडोनचंही तसंच. मेडिकलमध्ये नुसतं 'उलटीची गोळी द्या' म्हटलं तर यांतलीच एखादी हातात पडते, म्हणून 'प्रवासात गाडी लागते त्याची' असं स्पष्ट सांगायचं. सर्दीसाठीची सेटिरिझिनही अ‍ॅलर्जीविरोधी गटातलीच (वरच्या गोळ्याही त्याच गटातल्या), पण ती मेंदूत फारशी शिरत नाही. म्हणून तिने झोप कमी येते आणि म्हणूनच गाडी लागण्यावर ती निरुपयोगी. पोटात कळा येतात तेव्हा घेतात ती हायोसिन ब्युटिलब्रोमाइड आणि परदेशात कानामागे चिकटवतात त्या पट्टीतलं औषध यांची नावं सारखी वाटतात. पट्टीत असतं स्कोपोलामिन, म्हणजे हायोसिनच. ते मेंदूपर्यंत पोचतं, पोटदुखीची गोळी पोचत नाही. ही पट्टी प्रवासाच्या किमान चार तास आधी लावतात आणि ती तीन दिवस काम करते. परदेशातून कोणी आणून दिली तरी डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू नये. आणि लावल्यावर हात साबणाने धुवायचेच, कारण औषध लागलेलं बोट डोळ्याला लागलं तर बाहुली मोठी होऊन धूसर दिसायला लागतं.

मुलांबाबत घरच्या घरी गोळ्या मोडणं बंद करावं. दोन वर्षांखालच्या बाळाला प्रोमेथाझिन अजिबात द्यायचं नाही, श्वास मंदावण्याचा धोका असतो. पाच वर्षांखाली डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय काहीच नाही. पाच ते दहा वर्षांच्या मुलाला सहसा अर्धी गोळी, पण तीही बालरोगतज्ज्ञांनी मुलाचं वजन पाहून ठरवलेली.

आदल्या रात्रीचं आणि सकाळचं खाणं

'काही खाऊच नकोस, म्हणजे बाहेर काही येणारच नाही' हा घरगुती सल्ला सगळ्यात जास्त नडतो. रिकाम्या पोटी आम्ल साचतं, कोरडे उमासे येतात आणि पित्ताची कडू उलटी होते. ती भरल्या पोटाच्या उलटीपेक्षा जास्त थकवते. पोट थोडं भरलेलं पण हलकं हवं.

आदल्या रात्री तळलेलं, मटण-चिकनचा रस्सा, दारू नको. भात-वरण किंवा मुगाची खिचडी पुरे. जागरण तर नकोच. झोप अपुरी असेल तर तीच वळणं दुप्पट लागतात. सकाळी साडेपाचला गोळी पाण्याबरोबर घ्यायची. त्यानंतर थोड्याच वेळात दोन इडल्या, वाटीभर उपमा किंवा दोन टोस्ट, असं अर्ध्या भुकेचं खाणं. दूध आणि दुधाचा दाट चहा ज्यांना आंबट ढेकर देतो त्यांनी तो टाळावा. प्रवासाला निघालोय म्हणून वाटेत पौडच्या आसपास मिसळ आणि वडापाव हाणायचा मोह होतो. ज्यांना गाडी लागते त्यांनी तो मोह घाट उतरल्यानंतरच्या माणगावसाठी राखून ठेवावा.

गाडीत जवळ ठेवायचं ते कोरडं आणि बिनवासाचं: चुरमुरे, खाकरा, खारी बिस्किटं. तासाला दोन-चार घास. पाणी घोटघोट. एका दमात अर्धी बाटली प्यायली तर तेच पाणी पोटात डचमळत राहतं.

आल्याबद्दल आपल्याकडे जो विश्वास आहे तो अगदी निराधार नाही. प्रयोगांत एक ग्रॅमच्या आसपास सुंठ प्रवासाच्या तासभर आधी देऊन पाहिली गेली आहे. निष्कर्ष एकसारखे नाहीत, पण पोटाच्या हालचालीला तिने मदत होते असं दिसतं. एक ग्रॅम म्हणजे लहान चमचा साधारण अर्धा, कोमट पाण्यात. आलेपाकाची वडी चघळायला बरी, पण तिच्यात साखर भरपूर आणि आलं कमी असतं. ती औषध नव्हे, तोंडाला चव. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर जास्त सुंठ घेऊ नये. सुकवलेला आवळा, लिमलेटची गोळी, लिंबू हुंगणं यांनी लाळ आणि वास थोडे आवरतात. सुरुवातीच्या मळमळीला तेवढा आधार कधी कधी पुरतो.

कुठे बसायचं

कारमध्ये पुढची सीट. सीट इतकी वर घ्यायची की डॅशबोर्डवरून पुढचा रस्ता नीट दिसेल, पाठ किंचित मागे, डोकं हेडरेस्टला टेकलेलं. डोकं जितकं कमी डुलेल तितकं बरं. दोन गाडी लागणारी माणसं असतील तर पुढची सीट घाटापुरती जास्त त्रास असणाऱ्याला द्यावी आणि सपाट रस्त्यावर अदलाबदल करावी. सात सीटच्या गाडीतली शेवटची रांग ही गाडी लागणाऱ्यासाठी सगळ्यात वाईट जागा. ती मागच्या चाकांवर किंवा त्यांच्याही मागे असते, खिडकी छोटी असते आणि समोर दोन रांगा डोकी. दुर्दैवाने तिथेच मुलांना बसवतात.

एसटीत किंवा खासगी बसमध्ये पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मधली जागा घ्यायची. मागच्या चाकाच्या पलीकडचा बसचा भाग प्रत्येक वळणावर झाडूसारखा फिरतो आणि खड्ड्यात उडतो. आरक्षण करताना सीटचा नकाशा दिसतो, त्यात पुढून दुसऱ्या ते पाचव्या रांगेतली सीट शोधायची. खिडकी की वाटेकडची? लालपरीत खिडकी, कारण वारा हवा. तिथून थेट बाजूला न पाहता तिरकं पुढे, लांबवर पाहायचं. बंद काचांच्या एसी बसमध्ये मात्र वाटेकडची सीट सरस ठरते, कारण मधल्या वाटेतून समोरची मोठी काच आणि पुढचा रस्ता दिसतो. ड्रायव्हरच्या अगदी मागे पार्टिशन असेल तर पहिल्या रांगेत असूनही काही दिसत नाही.

स्लीपर कोचमध्ये वरचा बर्थ जास्त झुलतो, म्हणून खालचा आणि बसच्या मध्यावरचा घ्यावा. उताणं पडून डोळे मिटले तर बसण्यापेक्षा त्रास बराच कमी होतो. कुशीवर वळून मोबाइल पाहिला की मिळालेला फायदा गेला.

ज्यांना घाट अजिबात सोसत नाही त्यांनी रेल्वेचा विचार करावा. १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाल्यापासून मुंबईहून चिपळूण, रत्नागिरी, कुडाळला जायला घाट चढायची-उतरायची गरज राहिलेली नाही. रुळांची वळणं मोठ्या त्रिज्येची असतात आणि बोगदे डोंगर आरपार जातात. तिथेही गाडीच्या दिशेने तोंड करूनच बसायचं. विमानात पंखांच्या जवळच्या रांगा सगळ्यात कमी हलतात.

घाट सुरू झाल्यावर

मोबाइल बंद. नकाशासुद्धा नको, तो दुसऱ्या कोणीतरी पाहावा. कानांना त्रास नाही, तेव्हा गाणी आणि गप्पा चालतील. नजर शक्य तितक्या लांब: पुढच्या वळणाचा कठडा, समोरचा डोंगर, त्यामागचं आकाश. जवळून पळणारी झाडं पाहायची नाहीत.

वळणावर ड्रायव्हरकडे लक्ष द्या. तो डोकं वळणाच्या आतल्या बाजूला कलवतो. प्रवाशाचं डोकं बाहेर फेकलं जातं. प्रवाशाने जाणूनबुजून ड्रायव्हरसारखं, वळणाच्या आत डोकं कलवलं तर त्रास कमी होतो, हे प्रयोगांतही दिसलं आहे. सुरुवातीला जरा विचित्र वाटतं. पाच-सहा वळणांनी लय सापडते.

हवा हे अर्धं औषध. एसी लावला असेल तर हवा आतल्या आत फिरवणारं बटण बंद करून बाहेरची हवा घ्यायची आणि झोत सरळ चेहऱ्यावर. गाडीतला सुगंधी डबा निघण्याआधीच काढून घरी ठेवायचा. त्याच्या गोड वासाने ज्याला एरवी काही होत नाही त्याचंही डोकं धरतं. मागच्या सीटवर कोणी संत्रं सोलत असेल तर चालेल, पण उकडलेली अंडी किंवा भेळेतला कांदा उघडू नये.

ड्रायव्हरचं काम यात सगळ्यात मोठं. वळणात शिरण्याआधीच वेग कमी करायचा, वळणात ब्रेक नाही, बाहेर पडताना हळूहळू वेग. उतारावर खालच्या गिअरमध्ये इंजिनाच्या जोरावर उतरायचं, सारखा ब्रेक दाबून सोडून नाही. एस वळणांमध्ये ओव्हरटेकची घाई करणारा ड्रायव्हर पाच मिनिटं वाचवतो आणि उलटीसाठी थांबण्यात वीस घालवतो. इलेक्ट्रिक गाडीत आणखी एक भर: अ‍ॅक्सिलरेटर सोडला की गाडी एकदम मंदावते. बॅटरी भरण्यासाठीची ही सोय प्रवाशाच्या पोटाला सोसत नाही. घाटात ही पातळी मध्यम ठेवून पाय अलगद उचलायची सवय लावावी. एकदम कमी मात्र करू नये, कारण मग उताराचा सगळा भार ब्रेकवर येतो.

मळमळ सुरू झालीच तर

पहिली खूण उलटी नसते. वारंवार जांभया, नेहमीपेक्षा शांतपणा, चेहरा फिका पडणं, कपाळावर गार घाम. त्यानंतर तोंडात पातळ लाळ भरायला लागते. लाळ सुरू झाली की उलटीला काही मिनिटंच उरलेली असतात. बडबडं मूल अचानक गप्प झालं तर ते झोपलंय असं समजू नका, त्याचा रंग बघा.

जांभयांच्या टप्प्यावरच गाडी थांबवायची, पण वळणावर किंवा कठड्याला लागून नाही. घाटात थांबायच्या रुंद जागा असतात, तिथे, आणि डोंगराच्या बाजूने उतरायचं. पाच-दहा मिनिटं उभं राहून क्षितिजाकडे पाहायचं, मानेवर आणि मनगटांवर गार पाणी. श्वास सावकाश: चार मोजेपर्यंत आत, सहा मोजेपर्यंत बाहेर. हे दिसतं साधं, पण संथ श्वासाने उलटी पुढे ढकलली जाते. थांबता येत नसेल तर डोकं टेकवून डोळे मिटावेत आणि मोजत राहावं.

मनगटाच्या आतल्या घडीपासून स्वतःच्या तीन बोटांच्या रुंदीवर, मधल्या दोन शिरांसारख्या दिसणाऱ्या स्नायुबंधांच्या मध्ये एक बिंदू असतो. तो अंगठ्याने दोन-तीन मिनिटं दाबतात. त्यासाठी पट्टेही मिळतात. पुरावा दोन्ही बाजूंचा आहे, अपाय काही नाही. करून बघायला हरकत नाही. वर्तमानपत्रावर बसण्याच्या उपायाला मात्र काहीच आधार नाही. तरी आजीने सांगितलं आणि त्याने धीर आला तर कोणी कागद काढून घेऊ नये. या त्रासात भीतीचा वाटा मोठा असतो.

उलटी होणारच असेल तर ती होऊ द्यावी, दाबून धरू नये. खिडकीतून डोकं बाहेर काढून उलटी करणं ही आपल्याकडची जीवघेणी सवय आहे. अरुंद घाटात समोरून येणारी बस किंवा कठडा किती जवळून जातो हे आत बसलेल्याला कळत नाही. शिवाय मागच्या खिडक्यांतल्या लोकांचं काय होतं ते सांगायला नको. त्यासाठी एक डबा बरोबर असावा. झाकणाचा एक लिटरचा आइस्क्रीमचा रिकामा डबा उत्तम. तो फाटत नाही, मांडीवर स्थिर राहतो आणि झाकण लागलं की वास बंद. आत वर्तमानपत्राचे तुकडे टाकून ठेवले की पातळ शोषलं जातं आणि हिंदकळत नाही. पिशवीच वापरायची तर एकात एक अशा दोन, तळाला भोक नाही ना हे फुंकून पाहून. मुलांच्या वापरलेल्या बिस्किटाच्या पुड्या या कामाच्या नाहीत.

त्या डब्याबरोबर एका पिशवीत ओला नॅपकिन, कोरडा टॉवेल, पाण्याची बाटली, मुलाचा एक बदलायचा शर्ट आणि ओआरएसचं पाकीट. ही पिशवी डिकीत नाही, पायाशी.

उलटीनंतर फक्त चूळ भरायची. लगेच दात घासू नयेत, आम्लाने मऊ झालेलं दातांवरचं आवरण घासलं जातं. दहा-पंधरा मिनिटं पोटाला काही नको. मग ओआरएस घोटघोट, दर दोन-तीन मिनिटांनी एक-दोन चमचे. पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा पाच मिलिलिटरचा. मीठ अंदाजाने टाकू नये. कोल्ड्रिंकमध्ये साखर फार आणि मीठ जवळपास नाही, शिवाय त्यातल्या गॅसने पुन्हा ढवळतं. इन्सुलिन किंवा साखरेच्या गोळ्या घेणाऱ्याला उलटी झाली तर त्याच्याकडे विशेष लक्ष ठेवा. औषध आत आणि जेवण बाहेर, अशा वेळी साखर उतरते.

मुलं

सीटची उंची हा मुलांचा खरा प्रश्न. मागे बसलेल्या सहा वर्षांच्या मुलाला खिडकीच्या खालची पट्टी आणि पुढच्या सीटची पाठ, एवढंच दिसतं. बूस्टर सीटवर बसवलं की बाहेरचं दिसायला लागतं आणि पट्टाही नीट बसतो. पुढे दिसावं म्हणून लहान मुलाला पुढच्या सीटवर मांडीवर घेणं मात्र नको. एअरबॅग उघडली तर ती मुलासाठीच घातक. मागे, मधल्या सीटला खांद्यावरून येणारा पट्टा असेल तर तिथून समोरची काच दिसते.

टॅबवरचं कार्टून हे मुलांना गाडी लागण्याचं एक मोठं कारण. त्याऐवजी ऐकायच्या गोष्टी, भेंड्या, लांबचा धबधबा आधी कोणाला दिसतो असा खेळ. पाऊण ते एक तासाने पाय मोकळे. आणि 'तुला उलटी येतेय का?' असं दर दहा मिनिटांनी विचारू नये. विचारून विचारून ती आणता येते.

बोट

मालवणहून सिंधुदुर्ग किल्ल्यापर्यंतची होडी सुरू झाली म्हणता संपते, तिथे फारसं काही होत नाही. खरी परीक्षा स्कूबासाठी नांगर टाकून उभ्या असलेल्या बोटीवर. चालती बोट लाटा कापते, उभी बोट लाटेवर नुसती डुलत राहते, आणि त्यात डिझेलचा धूर. तिथे आपला नंबर शेवटी लावून घेऊ नये. वाट पाहावी लागलीच तर बोटीच्या मध्यभागी, धुराच्या विरुद्ध बाजूला बसून किनाऱ्याकडे नजर ठेवावी. पाण्यात उतरण्याआधी मळमळ असेल तर प्रशिक्षकाला स्पष्ट सांगायचं. गुंगीची गोळी घेऊन पाण्याखाली जायचं तर आधी डॉक्टरांची परवानगी हवी आणि प्रशिक्षकाला ते माहीत हवं.

गेटवेहून मांडव्याला जाताना नाकाकडची जागा फोटोला छान, पोटाला वाईट, कारण तीच सगळ्यात जास्त वर-खाली होते. मोठ्या बोटीत मध्यभागी, खालच्या मजल्यावर हेलकावा कमी, पण बाहेरचं दिसत नसेल तर डेकवर मध्यभागी उभं राहून क्षितिज पाहणं बरं.

डोंगर आणि उंची यांची गल्लत

महाबळेश्वर सुमारे १,३७० मीटरवर आहे. तिथे जी मळमळ होते ती वळणांची, उंचीची नव्हे. लेह ३,५०० मीटरच्या आसपास आहे आणि केदारनाथही जवळपास तितकंच. विरळ हवेचा त्रास २,५०० मीटरच्या वर सुरू होतो. डोकेदुखी, मळमळ, दम, आणि गाडी थांबल्यावर तासाभराने जे जायला हवं ते जात नाही. त्याला गाडी लागली समजून अ‍ॅव्होमिन देत वर चढत राहणं धोक्याचं आहे. तिथे थांबणं, आणि वाढत असेल तर खाली उतरणं हाच उपाय.

तसंच, चाळिशीपुढच्या माणसाला मळमळीबरोबर छातीत दडपण, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ आणि दरदरून घाम असेल तर घाटाला दोष देत बसू नका, सरळ जवळचं रुग्णालय गाठा. गाडी नसतानाही गरगरत असेल, एका कानाने ऐकू येणं कमी झालं असेल किंवा चालताना तोल जात असेल तर कान-नाक-घसा तज्ज्ञाला दाखवा.

सवय लावून घेणं

कायमचा उपाय म्हणाल तर सवय. नौदलातली आणि मच्छीमार माणसंही पहिल्या काही दिवसांत आजारी पडतात, दोन-तीन दिवसांत मेंदू नव्या हालचालीचा हिशोब शिकतो. घाटासाठी तेच करायचं तर आठवड्यातून दोन-तीनदा वळणांच्या रस्त्यावर छोटी फेरी. सातारा-वाईकडच्यांना पसरणी घाट आहे, पुणेकरांना सिंहगडचा रस्ता. पुढच्या सीटवर, गोळीशिवाय, आणि मळमळ जराशी जाणवली की लगेच थांबून. उलटी होईपर्यंत ताणलं तर मेंदू भलतंच शिकतो आणि पुढच्या वेळी गाडीचा वास आला तरी पोट ढवळतं. दहा मिनिटं सोसायला लागली की पंधरा, मग वीस. महिना-दोन महिन्यांत बऱ्याच जणांना फरक पडतो. मध्ये खंड पडला तर ही सवय हळूहळू मोडते, म्हणून वर्षातून एकदाच कोकणात जाणाऱ्याला दरवर्षी नव्याने गाडी लागते.

अशा माणसाने परतीच्या दिवसाचं आधीच ठरवून ठेवावं. रविवारी दुपारी एकला सुरमईची थाळी, दोन वाट्या सोलकढी, आणि तीनला घाटाच्या वाटेला लागायचं, हा दापोलीहून परतणाऱ्यांचा ठरलेला क्रम आहे. थाळी बाराला, तीही पाऊणच घ्यावी. गोळी दीडला, म्हणजे निघण्याच्या दीड तास आधी. सकाळी एक गोळी झाली असेल तर वेष्टनावरचं किंवा डॉक्टरांनी सांगितलेलं अंतर पाहून मगच दुसरी. आणि पुढची सीट कोणाची, हे भांडण निघण्याआधीच मिटवून टाकावं.